मधल्या सुट्टीत तो कुठे असतो?

मॅथ्समध्ये किती पडले? सायन्सचा पेपर कसा गेला? शाळेतल्या मुलांना आपण हेच विचारतो. 'डबा कोणाबरोबर खाल्लास?' हे विचारते फक्त आई. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलांचं शाळेत काय होतं यावरचा रिसर्च गेले काही दिवस वाचतेय. आणि आईचाच प्रश्न जास्त सायंटिफिक आहे, असं मला आता वाटायला लागलंय!

आधी मार्कांचं बघू. ऑटिझम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकतर 'माय नेम इज खान'मधला शाहरुख येतो, नाहीतर 'याला काही जमणारच नाही' हा शिक्का. सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधल्या अ‍ॅनेट एस्टेस आणि त्यांच्या टीमने नऊ वर्षांच्या ३० मुलांना स्पेलिंग, शब्दवाचन आणि गणिताच्या टेस्ट दिल्या. सगळी ऑटिस्टिक, पण बौद्धिक अपंगत्व नसलेली. २०११मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की ३०पैकी २७ मुलांचे मार्क किमान एका विषयात तरी आयक्यूवरून बांधलेल्या अंदाजाशी जुळलेच नाहीत. काही अंदाजाच्या खाली, काही चक्क वर! आयक्यूचा आकडा बघून मुलाला 'ढ' किंवा 'जीनियस' ठरवून मोकळं होणाऱ्यांची पंचाईतच. आणखी एक गोष्ट म्हणजे, सहाव्या वर्षी ज्यांना लोकांमध्ये मिसळणं जरा जास्त जमत होतं, त्यांचं नवव्या वर्षी शब्दवाचनही चांगलं होतं. अर्थात मुलं ३०च, त्यामुळे लगेच थिअरी मांडायला नको.

पण मला खरा धक्का दिला तो मधल्या सुट्टीने. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये कॉनी कसारी यांनी नेहमीच्याच शाळांत शिकणाऱ्या, पहिली ते पाचवीतल्या ६० ऑटिस्टिक मुलांचा अभ्यास केला. कोण कोणाबरोबर असतं, तुझे फ्रेंड्स कोण, असं वर्गातल्या मुलांना विचारलं आणि त्यातून वर्गाचा एक नकाशाच काढला. ऑटिस्टिक मुलं बहुतेक कडेला. त्यांनी ज्याला आपला मित्र म्हटलं, तो यांचं नाव घेईलच असं नाही. एकाच वर्गात बसवलं की मैत्री आपोआप होते, हा आपला लाडका समज इथे निकालात निघतो.

मग करायचं काय? आपलं उत्तर ठरलेलं असतं: त्या मुलालाच शिकवा. कसारींच्या टीमने ते करून पाहिलंच, पण शेजारी दुसराही प्रयोग लावला. काही वर्गांत ऑटिस्टिक मुलाला नाही, तर त्याच्या तीन वर्गमित्रांना ट्रेनिंग दिलं. मैदानावर एकटं कोण पडलंय ते हेरायचं, त्याला खेळात कसं ओढायचं, एवढंच. हे अमक्यासाठी आहे, असं नाव घेऊन सांगितलं नव्हतं. सहा आठवड्यांचा कार्यक्रम. २०१२मध्ये रिझल्ट आला: जास्त फरक पडला तो वर्गमित्रांना शिकवल्यामुळे. मैदानावरचं एकटेपण कमी झालं, 'हा माझा फ्रेंड' म्हणणारे वाढले आणि तीन महिन्यांनीही हे टिकून होतं.

आपल्याकडे १९९५च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. २०१६च्या कायद्यात ते आलं, सर्वांबरोबर शिकण्याचा हक्कही आला. पण डबा कोणाबरोबर खायचा, हे कायदा कसं सांगणार?

ठाण्याला माझ्या मैत्रिणीची ताई राहते. तिचा मुलगा दुसरीत आहे, ऑटिस्टिक. लोकलच्या सगळ्या स्टेशनांची नावं दोन्ही बाजूंनी घडाघडा म्हणतो. तिला हा प्रयोग सांगितला, तर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, दोन वर्षं मी त्याला 'हॅलो म्हण, शेकहँड कर' शिकवतेय. समोरच्याने पण हॅलो म्हणायला हवं ना!"

शनिवारी शाळेत पेरेंट्स मीटिंग आहे. तिने माझ्याकडून या रिसर्चचं प्रिंटआउट मागून घेतलंय, दोन कॉप्या. एक क्लासटीचरसाठी, एक मुख्याध्यापिकांसाठी.