काळ्या मातीवरील रुळांचे आयुष्य

मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गाचा बुलढाणा जिल्ह्यातील पट्टा, ज्यावर मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव ही स्थानके आहेत, मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतो आणि पूर्णा खोऱ्याच्या काळ्या मातीतून जातो. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते; अशा मातीवरचा भराव हलला की स्लीपरखालची खडी चिखलाने माखते, पाण्याचा निचरा थांबतो आणि आधार सुटलेला रूळ मालगाडीच्या प्रत्येक चाकाखाली वाकतो. सततच्या वाकण्याने पोलादाला थकवा येतो, तर रुळाच्या माथ्यावर, चाक टेकते त्या अरुंद पट्ट्यात, दाबामुळे केसासारख्या बारीक भेगा उमटतात. त्या खोल जाण्याआधीच ग्राइंडिंग यंत्राची फिरती घर्षणचाके माथ्यावरून मिलिमीटरच्या अंशाइतका थर काढतात. आतले, डोळ्यांना न दिसणारे दोष अल्ट्रासोनिक, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या, ध्वनिलहरींच्या तपासणीत सापडतात. तरीही खडी चाळून स्वच्छ करणे आणि ती स्लीपरखाली ठासून बसवणे, ज्याला टॅम्पिंग म्हणतात, हीच कामे अशा जमिनीवर अधिक मोलाची मानावी लागतात, कारण पाया ओला राहिला तर घासून नीट केलेला रूळही मुदतीआधी बदलावा लागतो.