‘मुसा’ शब्द आणि फ्रेंच भाषेचा प्रसार

पेशवेकालीन मोडी पत्रांत ‘मुसा’ हा शब्द अधूनमधून आढळतो. नवा वाचक तें एखाद्या मुसलमान सरदाराचें नांव समजून सूचींत तसेंच घालतो आणि एक फ्रेंच माणूस इतिहासांतून नाहींसा होतो. वस्तुतः ‘मुसा’ म्हणजे फ्रेंचांतील ‘मस्यू’ ही आदरार्थी उपाधि. ‘मुसा बुसी’ तो सेनापति बुसी. हैदराबादेंतील मूसारामबाग हें नांवहि निजामाच्या पदरीं असलेल्या मस्यू रेमोंचेंच. आपणांकडे अशी तुरळक अक्षरेंच उरलीं आणि इतरत्र अख्खी भाषा रुजली, याचें कारण काय?

फ्रेंच भाषेचा प्रसार सर्वत्र एका रीतीनें झाला नाहीं. 1608 मध्यें क्वेबेक वसलें, तेथें फ्रेंच कुटुंबेंच नांदूं लागलीं. 1635 पासून मार्तिनिकसारख्या बेटांवर उसाचे मळे झाले व गुलामांच्या तोंडीं ती भाषा गेली. 1830 मध्यें अल्जीरियावर स्वारी झाली. पुढें आफ्रिकेंत शाळा आणि कचेरी यांच्या द्वारें ती पसरली. चौथी रीत लष्कर व व्यापार यांची. तींत भाषा येत नाहीं, शब्द येतात.

महाराष्ट्राचा संबंध या चौथ्या रीतीशीं. बुसी 1751 मध्यें दक्षिणेंत आला. त्याच्या कवायतींत तयार झालेला इब्राहिमखान पुढें मराठ्यांच्या चाकरींत येऊन 1761 मध्यें पानिपतावर लढला. त्याच्या नांवापुढील ‘गारदी’ हा शब्द फ्रेंच ‘गार्द’पासून आल्याचें मानितात. शिंद्यांच्या पलटणी डी बॉईन व पेराँ यांनीं उभारिल्या; 1803 मध्यें तो डाव संपला. परंतु जमाखर्च, निवाडे व पत्रव्यवहार मोडींतच चालले. रयतेस फ्रेंच शिकण्याचें कारणच पडलें नाहीं.

याउलट मॉरिशसचें उदाहरण पाहावें. फ्रेंचांनीं 1715 मध्यें घेतलेलें तें बेट 1810 मध्यें इंग्रजांकडे गेलें, तथापि कायदे व चालीरीति राखण्याचें वचन तहांत होतें. 1834 पासून हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर तेथें नेले. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले कोंकणांतील मराठी लोकहि होते. राज्य इंग्रजांचें, पण मळ्यांतील बोली फ्रेंचापासून झालेली क्रिऑल. तींत घरास ‘लाकाज’ व पाण्यास ‘डिलो’ म्हणतात. फ्रेंचांतील उपपदें शब्दांसच चिकटलीं आहेत. ही भाषा पुस्तकांतून नव्हे, कानांनीं घेतल्याची ही खूण होय. त्या मराठी वंशजांच्या घरीं आज बहुधा क्रिऑलच चालते. मराठी मुख्यतः देवळांत, सणांत व शाळेंत राहिली आहे. ज्या लोकांनीं स्वदेशीं ‘मुसा’एवढेंच घेतलें, त्यांनींच परदेशीं सारी भाषा घेतली. पोट आणि शेजार जेथें, तेथें जीभ वळते.

आमच्या रायगड जिल्ह्यांतच कोर्लईस हाच न्याय दिसतो. तेथील किल्ला 1740 मध्यें मराठ्यांकडे आला, तरी ख्रिस्ती वस्तीनें पोर्तुगीजापासून झालेली बोली घरांत व देवळांत राखिली.

संग्राहकांस विनंती इतकीच कीं, ‘मुसा’पुढें परकें नांव आणि जवळ तोफा वा पलटणी यांचा उल्लेख असल्यास तो शब्द उपाधि समजावा. मात्र ‘मुसा’ हें खरें नांवहि असतें, म्हणून प्रत्येक स्थळ तपासावें. मूळ अक्षर बदलूं नये. व्यक्तीचा खुलासा कंसांत द्यावा. कळंब, नेरळ, खालापूर या बाजूस ज्यांच्याकडे जुनीं दप्तरें असतील, त्यांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें. कानानें लिहिलेलें अक्षर ‘शुद्ध’ केलें, तर साक्षच पुसली जाते.