आकाशवाणीची धून नक्की कोणाची?

उल्हासनगरचे कॅम्प, अंबरनाथच्या चाळी, बदलापूरचे वाडे. जिथे सकाळी रेडिओ लागायचा तिथे सभेआधीची ती धून सगळ्यांच्या कानात बसली आहे. खाली तंबोरा, वर व्हायोलिन. ती कोणी बांधली असं विचारलं, तर पुष्कळदा उत्तर येतं : पंडित रविशंकर.

हे चूक आहे. धून १९३६ च्या सुमाराची. रविशंकर तेव्हा जेमतेम १६ वर्षांचे होते आणि थोरले बंधू उदयशंकर यांच्या नृत्यपथकाबरोबर फिरत होते. आकाशवाणीत ते आले १९४९ साली. दूरदर्शनची धून त्यांच्या नावावर आहे, घोटाळा बहुधा तिथूनच झाला असावा. शिवरंजनीच्या वळणाची ही रेडिओची धून वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. व्हायोलिन झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता यांनी वाजवलं, असंही सांगतात.

कॉफमन यांना कोणी जर्मन म्हणतं, कोणी चेक. १ एप्रिल १९०७ रोजी ज्यू कुटुंबात ते जन्मले, तेव्हा त्यांचं जन्मगाव कार्ल्सबाड ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. चेकोस्लोव्हाकिया झाला १९१८ मध्ये. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर ते पळून आले, हेही खरं नाही. ती घटना १९३८ ची, कॉफमन मुंबईत उतरले १९३४ मध्ये. जर्मनीत नाझी सत्तेवर आलेच होते, त्यामुळे युरोपात राहणं दिवसेंदिवस अवघड होत होतं, एवढं मात्र खरं.

मला सर्वांत जास्त खटकतो तो तिसरा समज : परक्या माणसाला आपल्या रागांतलं काय कळणार? भारतीय संगीताच्या तबकड्या पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा कॉफमनना खरोखरच काही उमगलं नव्हतं. पण लाखो लोक ज्यावर जीव टाकतात ते संगीत निरर्थक कसं असेल, उणीव आपल्या कानांत आहे, असं ठरवून ते शिकायला आले. केवढा हा मोठेपणा! मुंबईत त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली, मोहन भवनानींच्या चित्रपटांसाठी काम केलं आणि १९३७ ते १९४६ आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. ‘अनसूया’ हा ऑपेरा त्यांनी रेडिओसाठी रचला. पुढे कॅनडात विनिपेगचा वाद्यवृंद, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठ. तिथे असतानाच १९६८ मध्ये उत्तर भारतीय रागांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ निघाला. १९८४ मध्ये ते वारले.

टोरांटोच्या एआरसी वाद्यसमूहाने २०२० मध्ये त्यांच्या चेंबर रचनांची ध्वनिमुद्रिका काढली. मुंबई केंद्राने दरवर्षी १ एप्रिलला त्यातलं काही लावावं आणि धुनीआधी एकदा कॉफमन यांचं नाव घ्यावं.