अंथरूण कुठे घालता?

मैत्रिणींनो, मांडणीवरची भांडी एकाएकी खणखणली, तर तुमच्या मनात आधी काय येते? मांजर शिरले असेल, नाहीतर रस्त्याने खडीचा ट्रक गेला असेल! जमीन हलली, हे पहिल्या वेळी चटकन ध्यानातच येत नाही.

आमच्या संगमनेर तालुक्याच्या पठारभागात, घारगाव-बोटा परिसरात, २०१८ साली असेच झाले. जमिनीतून गुरगुरल्यासारखा आवाज, पाठोपाठ हादरा, आणि दोन-चार सेकंदांत सारे शांत. फळीवरचे डबे थरथरले तशा सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोरांना घे नि अंगणात चल!" त्यांना किल्लारीची आठवण होती; माझा हा पहिलाच भूकंप.

अशा धक्क्याची चर्चा नळावर दोन दिवस चालते, तिसऱ्या दिवशी सगळे विसरतात. पण मला वाटते, धक्का लहान असतो तेव्हाच घराकडे नीट पाहून घ्यावे. भूकंपाच्या मोजमापात एक अंक वाढला, की बाहेर पडणारी शक्ती सुमारे ३२ पट होते! कोयनानगरचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३चा. दोन्ही ६च्या वरचे, आणि दोन्ही पहाटे चारच्या सुमारास आले, माणसे गाढ झोपेत असताना. कोयनेला सुमारे १८० माणसे गेली. किल्लारी-सास्तूर भागात सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे ८,०००.

किल्लारीत एवढी का? तिथली बहुतेक घरे दगडमातीची. भिंती चांगल्या जाड, पण दोन तोंडांच्या, आत दगडगोटे नि माती भरलेल्या. वर लाकडी तुळयांवर जाड मातीचे माळवद. हादऱ्याने भिंतीची तोंडे फुगून सुटली आणि वरचा सगळा भार झोपलेल्यांच्या अंगावर आला. आपल्या नगर जिल्ह्यातही अशी जुनी घरे आहेत. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, म्हणून ती आपल्याला आवडतात. पण गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर नवी माती घालतो, तेव्हा डोक्यावरचा भार वाढतो, हे कुणी मनात आणते का?

तेव्हा आधी बिनखर्चाचे उपाय. अंथरूण फळीखाली, कपाटाशेजारी किंवा फुगलेल्या भिंतीला लागून घालू नका. जड हंडे-पातेली वरून खाली आणा. लोखंडी कपाट पट्टीने भिंतीला पक्के करून घ्या. दारामागे धान्याच्या गोण्या नकोत. रात्री वाट मोकळी हवी. उशाशी बॅटरी आणि चपला ठेवा, अंधारात काचा पायात जातात. हादरा थांबला की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. गॅसचा वास आला तर काडी ओढू नका, दिव्याचे बटणही दाबू नका.

धक्का चालू असताना पक्क्या काँक्रीटच्या घरात धावाधाव नको. मजबूत टेबलाखाली बसून त्याचा पाय घट्ट धरावा. शाळेत मुलांना मी बाकाखाली शिरून डोके झाकायला शिकवते. खेळ म्हणून शिकतात, पण विसरत नाहीत. माळवदाच्या घरात दाराशीच असाल, तर मात्र झटकन अंगणात, भिंतीपासून दूर जावे.

खर्चाचे म्हणाल, तर जाणत्या गवंड्याला विचारून माळवदावरची जादा माती उतरवून घ्या. भिंतीच्या दोन्ही तोंडांना धरून ठेवणारे आरपार दगड कसे बसवता येतील, तेही विचारा. नवे घर बांधताना दारे-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींवर फिरणारा लोखंडी सळयांचा अखंड काँक्रीटचा पट्टा घालायला सांगा. फरशीच्या रंगावर आपण जेवढा वाद घालतो, तेवढा या पट्ट्यासाठी घालायला काय हरकत आहे?

भूकंप कधी येणार, हे कुणालाच आधी सांगता येत नाही. त्याच्या अफवांवर विश्वास ठेवू नका. पण आज रात्री अंथरूण घालताना एकदा मान वर करून बघा. डोक्यावर जड काही असेल, तर अंथरूण हातभर सरकवायला पैसा लागत नाही.