वीज परतली, तरी डिस्कचा संच का सुरू होत नाही?

२०१६ पर्यंत गुडगाव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुरुग्राममध्ये उन्हाळ्यात वीज जाणे आणि डिझेल जनित्रे धडधडू लागणे ही नित्याची बाब आहे. वायुप्रदूषणामुळे राजधानी परिसरात १ ऑक्टोबर २०२३ पासून या जनित्रांच्या वापरावर कडक अटी लागू झाल्या. भारनियमनाचा अनुभव असलेल्या महाराष्ट्रातील वाचकांना पुढची अडचण सांगायला नको. मोठ्या संगणक केंद्रांकडे पर्यायी वीज असते. लहान कार्यालयातील सर्व्हर बहुधा एका यूपीएसच्या भरवशावर चालतो. बॅटरी संपली की तो अचानक बंद पडतो.

अशा सर्व्हरमधील हिशेब अनेकदा ‘रेड’ पद्धतीने एकाहून अधिक हार्ड डिस्कवर साठवलेले असतात. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी बर्कली येथे १९८८ साली ही संकल्पना शोधनिबंधातून मांडली. लिनक्समध्ये हे काम वेगळ्या कार्डाविना, सॉफ्टवेअरद्वारे होते.

मात्र कार्यप्रणालीच जर या संचावर असेल, तर संच जोडल्याशिवाय ती वाचता येत नाही. म्हणून प्रारंभी ‘इनिट्रॅमएफएस’ ही छोटी फाइल-व्यवस्था स्मृतीत उतरवली जाते आणि तिच्यातील ‘एमडीअ‍ॅडम’ हे साधन डिस्कवरील ओळखक्रमांक पाहून संच जुळवते. जुन्या ०.९० स्वरूपाचे संच लिनक्सचा गाभा स्वतःच ओळखू शकत असे. नव्या स्वरूपांना ती सोय नाही.

नेमकी चूक इथेच होते. संचाची नोंद मुख्य डिस्कवरील यादीत केली जाते, पण इनिट्रॅमएफएस नव्याने तयार करायचे राहून जाते. आत जुनीच यादी उरते. मग ‘एमडी०’ म्हणून अपेक्षित असलेला संच ‘एमडी१२७’ या नावाने उभा राहतो आणि जुन्या नावावर विसंबलेली यंत्रणा अडते. माहिती सुरक्षित असते, नाव तेवढे बदललेले असते. त्यामुळे नावाऐवजी यूयूआयडी हा कायमचा ओळखक्रमांक वापरणेच योग्य.

दुसरी स्थिती अधिक गंभीर आहे. रेड-५ मध्ये हरवलेल्या डिस्कवरील मजकूर काढून देणारी गणिती नोंद, म्हणजे पॅरिटी, ठेवलेली असते. लिहिणे चालू असताना वीज गेली तर ही नोंद अपुरी राहू शकते. सर्व डिस्क शाबूत असल्यास ती पुन्हा मोजता येते. पण त्याच वेळी एक डिस्कही निकामी झाली असेल, तर संशयास्पद नोंदीवरून चुकीचा मजकूर तयार होण्याचा धोका असतो. म्हणून लिनक्स असा संच आपोआप सुरू करण्यास नकार देते. हा बिघाड नसून खबरदारी आहे. घाईने ‘क्रिएट’ आज्ञा देऊन संच नव्याने बनवणे मात्र घातक ठरू शकते; डिस्कचा क्रम चुकला आणि पुनर्जुळणी सुरू झाली, तर मूळ मजकूर पुसला जातो. तोपर्यंत माहिती बहुतांशी शाबूत होती, हे विशेष.

केवळ एक डिस्क गैरहजर असेल, तर सिस्टमडी वापरणाऱ्या अनेक वितरणांत सुमारे ३० सेकंद वाट पाहून उरलेल्या डिस्कवर संच सुरू केला जातो. त्याची चाचणी बॅकअप घेऊन, कामकाज बंद असताना, एक डिस्क काढून करता येते. दोन डिस्कच्या संचात बूट लोडर एकाच डिस्कवर बसवलेला असेल, तर तेही याच चाचणीत उघड होते.