आधी खूण, मग कुऱ्हाड

चिपळूणच्या स्टेशनावर मुंबईच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत फायली सांभाळणारी आजारी माणसे असतात. त्यांच्या घरच्यांना एकच प्रश्न छळतो : "अमक्याला त्या नव्या औषधाने गुण आला, मग आमच्या माणसाला ते का देत नाहीत?"

उत्तर आपल्या रानातच आहे. तोडायच्या झाडावर आधी खूण होते. कुऱ्हाड मागाहून चालते. खूण चुकली, तर भलतेच झाड आडवे होते!

रक्तात ही खूण करतात प्रतिपिंडे. ती शत्रूच्या पेशीला चिकटतात. मग रक्तातलीच काही प्रथिने त्या पेशीला भोके पाडतात, नाहीतर भक्षक पेशी तिला गिळतात. पण ल्युकेमियात शत्रू घरचाच! त्याच्या एका सावकाश वाढणाऱ्या प्रकारात तर प्रतिपिंडे बनविणाऱ्या कुळातल्याच पेशी बिघडतात. काही रोग्यांच्या शरीरात मग स्वतःच्याच तांबड्या पेशींवर खूण होते आणि माणूस पांढराफटक पडतो.

१९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी बनविण्याची युक्ती काढली. पुढे रिटक्सिमॅब आले. १९९७ मध्ये अमेरिकेत ते लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी मान्य झाले, तर २०१० मध्ये वर सांगितलेल्या ल्युकेमियासाठी. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्येच त्याचा देशी अवतार बाजारात आणला होता.

हे औषध 'सीडी-२०' नावाचे प्रथिन अंगावर असलेल्या पेशीच हेरते. त्यात त्याच कुळातल्या निरोगी पेशीही मरतात. मात्र हाडांच्या मगजातल्या मूळ पेशींवर ते प्रथिन नसल्याने नवे पीक पुन्हा येते. तोवर शरीराचा पहारा ढिला असतो. दबून बसलेली 'बी' कावीळ अशा वेळी उसळते, म्हणून तिची तपासणी औषधाआधीच करतात.

२०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या 'नेक्सकार-१९' उपचाराला भारतात मान्यता मिळाली. त्यात रोग्याच्याच लढाऊ पेशींवर प्रतिपिंडाचा तुकडा बसवितात. खूण ओळखणारा आणि कुऱ्हाड चालविणारा एकच झाला!

तेव्हा गाडीत बसणाऱ्यांनो, शेजाऱ्याच्या औषधाचे नाव घेऊन जाऊ नका. सगळ्याच ल्युकेमियांवर ती खूण नसते. डॉक्टरांना एवढेच विचारा : "आमच्या माणसाच्या पेशींवर कोणती खूण आहे?" औषध त्यावरच ठरते.