वेरूळची राणी आणि विक्रांतची विमाने

बुलढाण्याच्या माणसाला वेरूळ लांब नाही, पण वेरूळच्या नावाचे विमान पाहायचे तर गोव्याचा समुद्रकिनारा गाठावा लागतो. एअर इंडियाने १९५०च्या दशकात लॉकहीड कंपनीची ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ विमाने घेतली आणि त्यांना राण्यांची नावे दिली. त्यांतली ‘रानी ऑफ एलोरा’ आज वास्कोजवळ, दाबोळी विमानतळाला लागून असलेल्या नौदल विमानन संग्रहालयात उभी आहे. तिला चार इंजिने, मासोळीसारखी बाकदार पाठ आणि शेपटाकडे तीन उभे पंख आहेत. एकच उंच शेपूट केले असते तर विमान त्या काळच्या हँगरांत मावले नसते, म्हणून त्याचे तीन बुटके भाग केले. प्रवासी नेण्याचे काम संपल्यावर ही राणी हवाई दलात गेली. पुढे १९७६ साली समुद्रावरच्या टेहळणीची जबाबदारी नौदलाकडे आली, तेव्हा तीही नौदलात आली आणि तिथूनच निवृत्त झाली.

ती दाबोळीला विसावली यात एक विलक्षण योगायोग आहे. हा विमानतळ पोर्तुगीजांनी बांधला. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी त्याच्या धावपट्टीवर बाँब टाकले, मात्र तळावर उभ्या असलेल्या दोन प्रवासी विमानांना धक्का लावला नाही. रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीची घाईघाईने डागडुजी केली आणि ती दोन्ही विमाने अंधारात कराचीकडे निसटली. त्यांतले एक सुपर कॉन्स्टेलेशनच होते. गोवा मुक्त झाल्यावर तळ नौदलाकडे आला आणि १९६४ साली कोइमतूरजवळच्या सुलूरहून ‘आयएनएस हंसा’ हे नौदलाचे विमानकेंद्र इथे हलले. तेव्हापासून नौदलाच्या विमानांचे हे माहेर आहे.

संग्रहालय सुरू झाले ऑक्टोबर १९९८मध्ये. अंगणात विमाने आणि हेलिकॉप्टरे, तर इमारतीत इंजिने, टॉर्पेडो, बाँब आणि जहाजांच्या प्रतिकृती अशी मांडणी आहे. पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारे ‘सीलँड’ इथे आहे. याच जातीच्या विमानांपासून १९५३ साली कोचीला नौदलाच्या उड्डाणांची सुरुवात झाली. शेजारी ‘फायरफ्लाय’ आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या या लढाऊ विमानाला आपल्याकडे तोफचींच्या सरावासाठी निशाण ओढत नेण्याचे काम मिळाले. पण मी कुणाला घेऊन गेलो तर त्याला आधी ‘सी हॉक’ आणि ‘अलीझे’ यांच्यापुढे उभे करीन.

ही दोन्ही विमाने ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरची. सी हॉक एका वैमानिकाचे जेट. त्याची झोताची नळी शेपटापर्यंत जातच नाही, ती दुभंगून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना उघडते. त्यामुळे मागच्या पोटात इंधनाची टाकी बसवता आली. अलीझे पंख्याचे, संथ, तिघांचे विमान. पाणबुड्या शोधताना त्याच्या पोटातून रडारचा घुमट खाली उतरतो. जहाजावर जागा कमी, म्हणून दोन्हींचे पंख दुमडतात. उतरताना शेपटाखालचा हुक डेकवर ताणलेल्या तारेत अडकला, तरच विमान थांबते.

१९७१च्या युद्धाआधी विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते. विमानवाहू नौकेचा वेग म्हणजे विमानाला समोरून मिळणारा वारा. वेग घटला की जड विमानाला डेकवरून उचलणे अवघड होते, विमानाला वेगाने पुढे फेकणारा कॅटापल्ट असला तरी. अशा लंगड्या नौकेवरून ४ डिसेंबरला सी हॉक उडाले आणि त्यांनी कॉक्स बझारवर हल्ला केला. त्यानंतर चितगावसह पूर्व पाकिस्तानची बंदरे सी हॉक आणि अलीझे यांनी मिळून जेरीस आणली. सी हॉकचा तो चिंचोळा कॉकपिट पाहिला की त्या तरुण वैमानिकांविषयी वाटणारा आदर शब्दांत मावत नाही. उडताना तोकडा डेक, परतताना हलता डेक, आणि खाली बंगालचा उपसागर.

ती नौका मात्र आपण राखू शकलो नाही. १९९७ साली निवृत्त झाल्यावर विक्रांत काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय होती. मग देखभालीचा खर्च कोणी उचलायचा यावर सगळे अडले. २०१४ साली लिलाव झाला आणि मुंबईतल्या दारूखान्याच्या जहाजतोडणी धक्क्यावर तिचे तुकडे झाले. तिच्या पोलादाचा काही भाग बजाजच्या ‘व्ही’ मोटारसायकलींत गेला, त्या आपल्या मलकापूर-खामगावच्या रस्त्यांवरही धावल्या. माझ्या मते हे नुकसान भरून निघण्यासारखे नाही. म्हणूनच दाबोळीच्या अंगणातल्या विमानांचे मोल वाढले आहे.

जुनी लढाऊ विमाने मांडायला मोकळी जागा कुठेही मिळेल. उद्या आपल्या जिल्ह्यात एखाद्या माळरानावर असे संग्रहालय करावे असे कुणी सुचवले, तर मी मनापासून पाठिंबा देईन, पण आधी देखभालीचे विचारीन. दाबोळीची ताकद शेजारच्या तळात आहे. ज्या धावपट्टीवरून विमान उडाले, तिच्याच कडेला ते उभे आहे, आणि त्याचे नट-बोल्ट ओळखणारी परंपरा हाकेच्या अंतरावर आहे. १९८३च्या डिसेंबरात नौदलाचे पहिले ‘सी हॅरियर’ लढाऊ विमान दाबोळीला उतरले, २०१६ साली इथेच त्यांना निरोप दिला गेला, आणि त्यांतले एक संग्रहालयात दाखल झाले.

तरीही काळजी वाटते. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वाऱ्यात सदैव मीठ असते. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला रिव्हेटांच्या कडेने गंज धरतो, टायर वाळतात, काच धुरकटते. वरचेवर रंग दिल्याने वरवरचे झाकले जाते, आतला गंज थांबत नाही. राणीएवढ्या मोठ्या विमानावर छप्पर घालणे खर्चिक आहे, पण विक्रांतच्या वेळी जो खर्च जड वाटला त्यापुढे तो किरकोळच म्हणावा लागेल. निदान सी हॉक, अलीझे आणि सीलँड तरी लवकरात लवकर छपराखाली गेली पाहिजेत. त्याबरोबरच, ज्यांनी ही विमाने उडवली आणि डेकवर रात्री जागून दुरुस्त केली, त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून प्रत्येक विमानाशेजारी ऐकायला ठेवाव्यात. १९७१ साली पंचविशीत असलेला तंत्रज्ञ आज ऐंशीच्या घरात आहे, तेव्हा हे काम छपराच्याही आधी हाती घ्यायला हवे.